आदर्श दांपत्याचा रिपोर्ट

पिशोर, ११ जुलै २०२५

चि. श्रेया, अनेक आशीर्वाद.

चुलत्यानं फोन सोडून पत्र कशाला लिहिलं म्हणून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी काकू. माझे कान गेल्यापासून फोन स्पीकरवर लावावा लागतो. स्पीकर लावला की आपलं बोलणं आधी तुझी काकू ऐकते, मग भिंतीपलीकडची मालनबाई ऐकते, आणि राहिलं तर मी ऐकतो. व्हॉट्सॲप काकूच वाचते आणि माझ्या नावानं उत्तरही तीच देते. राहता राहिलं पोस्ट. बन्सी पोस्टमन पाकीट फोडत नाही, नुसतं उजेडात धरून बघतो. म्हणून जाड पाकीट घेतलंय.

मुद्दा असा. मे महिन्यात आलीस तेव्हा तू सांगत होतीस की तुमच्या प्रयोगशाळेत बीज नसलेल्या बोकडांवर संशोधन चालतं. "शिकून शिकून पोरगी बोकडाच्या गोट्यांवर गेली," असं म्हणून काकू हसली आणि विषय तिथंच बुडाला. मला त्यातलं थोडं विचारायचंय. माझ्यासाठी नाही. कन्नडला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडं एक वळू आहे. दिसायला दणकट, खाण्यात कमी नाही, आणि वळू ज्या कामासाठी ठेवतात त्या कामातही कुचराई नाही. पण गाय काही गाभण राहिली नाही. मित्रानं वळूचं वीर्य तपासून घेतलं. कागदावर शून्य लिहून आलं.

आता सांग, ही तपासणी चुकू शकते काय? शून्य म्हणजे कायमचं शून्य काय? आणि तुमच्या शास्त्रात आता काही इलाज निघालाय काय? वळू वयस्कर आहे, घाई नाही.

उत्तर पाकिटातच घाल. कार्ड टाकू नकोस.

तुझा,
कारभारी नाना

ता. क. इथल्या गणेश मंडळानं यंदा 'आदर्श दांपत्य' पुरस्कार काढलाय आणि पहिला मान आम्हाला दिलाय. अध्यक्ष सुदर्शन म्हणतो, "नाना, मूल नसताना तुम्ही दुसरी बायको केली नाही. हा त्याग आजच्या पोरांना कळला पाहिजे." सत्कार ३ सप्टेंबरला आहे. तुला कामं असतील. नाही आलीस तरी चालेल.

—

छत्रपती संभाजीनगर, १८ जुलै २०२५

नाना, नमस्कार.

तुमचं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं. आमच्याकडं पोस्टानं फक्त नोटिसा येतात, त्यामुळं शिपायानं ते दोन बोटांत धरून आणलं.

तर तुमच्या मित्राचा वळू. एका तपासणीवर कुणालाच शून्य म्हणत नाहीत. किमान दोनदा बघायला हवं. तरीही शून्यच आलं तर दोन शक्यता. एक, बीज तयार होतंय पण वाट बंद आहे. तसं असेल तर सुईनं आतून पेशी काढता येतात. दुसरी, आत तयारच होत नाही.

आता तुम्ही कांद्याचं रोप टाकता तो वाफा डोळ्यांसमोर आणा. नराच्या अंगात तसाच मूळपेशींचा वाफा असतो. एक मूळपेशी फुटली की एक भाग वाफ्यातच राहतो आणि दुसरा वाढत वाढत बीज होतो. म्हणून म्हातारपणीही नराचं दुकान चालू असतं. पण मुळात वाफाच नसेल तर पाणी कितीही सोडा, चिखलच होणार. आम्ही नेमकं तेच बघतोय. ज्या बोकडाच्या अंगात वाफा नाही त्याच्यात दुसऱ्या बोकडाच्या मूळपेशी सोडायच्या, आणि त्या रुजतात का बघायचं. आमच्या एका बोकडात त्या रुजल्यात. त्याचं नाव आम्ही साहेब ठेवलंय, कारण तो काहीच न करता सगळ्यांकडं रागानं बघतो. एक शेळी त्याच्यापासून गाभण आहे. पण हे सगळं अजून बोकडांपुरतंच आहे हो.

मला मात्र त्या गायीची काळजी वाटते. वळूचा कागद आल्यावर तुमच्या मित्रानं गायीची औषधं थांबवली का? की कागद खिशात ठेवून तिलाच इंजेक्शनं टोचत राहिला? तसं असेल तर वेसण त्या मित्राला घाला. शून्य असणं हा काही कुणाचा गुन्हा नाही. पण ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं हा नालायकपणा आहे. माझ्या शब्दांत त्याला सांगा.

आणि सत्काराला मी येणार म्हणजे येणारच! शाळेला तुमच्याकडं होते तेव्हा आजी काकूला काय काय बोलायची ते मी ऐकलंय. तुम्ही एकटे तिच्या बाजूनं उभे राहिलात. आई स्थळं बघताना विचारते, कसा मुलगा पाहिजे? मी म्हणते, नानांसारखा.

तुमची,
श्रेया

—

पिशोर, ९ ऑगस्ट २०२५

चि. श्रेया,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. काकूनं विचारलं, काय जाळता? मी म्हणालो, जुने अर्ज. कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं अर्ज लिहिले, त्यामुळं तिला ते पटलं.

वळू नाही. मी आहे.

१९८८ साली जानेवारीत औरंगाबादला तपासून घेतलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. काकूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला पाठवा. मी एकटा गेलो. शून्य आलं. डॉक्टर म्हणाले पुन्हा एकदा तपासू, बायकोला घेऊन या. मी पुन्हा गेलोच नाही.

घरी सांगितलं, दोघांतही दोष नाही, देवाची मर्जी. त्यानंतर बारा वर्षं काकूवर इलाज झाले. दोनदा पिशवी साफ केली. वैद्याचे काढे, उपास, अंगारे. कुणाच्या ओटभरणाला गेली तर बायका तिला मागच्या रांगेत उभं करायच्या. मला दिसत होतं. माझी आई दुसरी बायको कर म्हणून पाठीमागं लागली तेव्हा मी ठाम नाही म्हणालो, आणि गावात माझं नाव झालं. खरं कारण तुला सांगतो. दुसरीलाही मूल झालं नसतं, म्हणजे मी उघडा पडलो असतो.

त्याग म्हणतात तो हाच.

आता मला मूल नको. एवढंच सांग, तेव्हाच खरं बोललो असतो तर काही उपयोग झाला असता का? आणि हा सत्कार रद्द होईल असं एखादं कारण सुचव. मला आजारी पडता येईल, पण काकू लगेच डॉक्टर बोलावते.

कुणासारखा नवरा पाहिजे ते आईला नव्यानं सांग.

नाना

—

छत्रपती संभाजीनगर, १३ ऑगस्ट २०२५

नाना,

१९८८ साली तुमच्यावर फारसा इलाज नव्हता. वाट बंद आहे की वाफाच नाही, एवढं कदाचित कळलं असतं. पण काकूवरचे इलाज त्याच दिवशी थांबले असते. त्याला कुठलंही संशोधन लागत नव्हतं.

सत्कार रद्द करायला मी कारण सुचवणार नाही. गणपती बसायच्या आत काकूला सांगा. नाही सांगितलंत तर मी फोन करीन, आणि तुमचा फोन स्पीकरवर असतो.

सत्काराला मी येणार नाही.

श्रेया

—

पिशोर, २८ ऑगस्ट २०२५

श्रेया पोरी,

मी सातवी पास हाय हे तुला म्हाईतच हाय, तरी अक्षराला हसू नको.

तुझा चुलता परवा बोलला. मी तुरीची डाळ निवडीत बसले व्हते. तो समोर येऊन बसला, पुन्हा उठला, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, पुन्हा बसला. मला वाटलं ह्याला दुकानातलं काय तरी उधार आणायचंय. मग म्हणला, "चतुरा, मूल माझ्यामुळं झालं नाय. तुझ्यात कायबी दोष नव्हता. मला १९८८ पासून ठावं हाय."

आता पोरी, त्याला वाटलं तो कुजबुजतोय. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं तुला ठावं हाय. दावणीची म्हैस कान टवकारून उभी राहिली. भिंतीपल्याड मालनबाईच्या हातातलं भांडं पडलं, ते आमच्या घरात ऐकू आलं. दिवा लागायच्या आत सगळ्या आळीला कळलं, आणि त्यातल्या निम्म्या आळीला माझ्याआधी कळलं असंल, कारण मला नीट समजायला लई वेळ लागला.

मी म्हणलं, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. मी म्हणलं, कागद दाखवा. तर हा उठला आणि कारखान्याच्या सेवापुस्तकातून कागद काढून आणला. सदतीस वर्षं माझ्या घरात, मी रोज झाडते त्या कपाटात! मला इंग्रजी येत नाय हे त्याच्या पथ्यावर पडलं.

मी रडले नाय. डाळ निवडून पुरी केली. मग त्याला म्हणलं, माझी पिशवी दुसऱ्यांदा साफ केली तेव्हा मला चार दिवस ताप व्हता, तुम्ही उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवीत व्हते. तेव्हा तरी बोलायचं की हो. तो म्हणला, "तेव्हाच बोलणार व्हतो." मी म्हणलं, मग घड्या काहून ठेवल्या, तोंड उघडायचं सोडून?

काल सुदर्शन आला. चप्पल पायातच, आत येईना. "काकू, कार्यक्रमाचं कसं करायचं? जरा वेगळंच कानावर आलंय." मी विचारलं, बॅनर छापला का? म्हणला, व्हय, वीस फुटी. म्हणलं, मग लावा. मी येणार हाय.

सोबत तो कागद लावलाय. खरं खरं काय लिहिलंय ते मला वाचून सांग. गोड करून सांगू नको, आता गोड खायचं वय नाय माझं.

तुझी,
चतुराकाकू

—

पिशोर, ५ सप्टेंबर २०२५

चि. श्रेया,

काकू तुझ्याकडं पोचली हे तुझ्या फोनवरून कळलं. "पोचली" एवढंच म्हणून तू फोन ठेवलास, त्यात तुझी चूक नाही. पण इथं काय झालं ते तिनं सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

मंडपात एवढी गर्दी गणपतीला कधी झाली नव्हती. बॅनरवर आमचा फोटो, त्यात मी हसतोय. प्रास्ताविकात सुदर्शननं 'त्याग' हा शब्द टाळायचा लई प्रयत्न केला. त्याच्या हातातल्या कागदावर तो चार ठिकाणी छापलेला होता. प्रत्येक ठिकाणी तो थांबायचा, घाम पुसायचा आणि 'सहजीवन' म्हणायचा. मग आम्हाला शाल, फेटा आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.

काकूनं शाल घेतली नाही. माइक हातात घेतला. मला वाटलं आता माझी सालटी निघणार. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "ह्यांना बोलायचंय." आणि माइक माझ्या हातात दिला.

तिच्याशी हे बोलायला मला सदतीस वर्षं लागली होती. गावाशी बोलायला तिनं एक मिनिटही दिलं नाही. मी म्हणालो, "गावकरी हो, आम्हाला मूल झालं नाही ते माझ्या शरीरात बीज नव्हतं म्हणून. तसा कागद मला तेव्हाच मिळाला होता. तो मी लपवला. चतुराबाईंना तुम्ही वांझ म्हणालात आणि मी म्हणू दिलं. दुसरी बायको मी भीतीपोटी केली नाही. हा पुरस्कार चुकीच्या माणसाला दिलाय."

तेवढ्यात साउंडवाल्यानं गोंधळून टाळ्यांची टेप सोडली. ती टेप पुरी वाजेपर्यंत मी फेटा बांधून उभा होतो. आयुष्यात एवढ्या टाळ्या मला कधी मिळाल्या नाहीत.

मागं वळलो तर काकू नव्हती. स्टेजच्या दुसऱ्या बाजूनं उतरून गेली होती. कपड्यांची पिशवी तिनं आधीच भरून कन्नडच्या जीपमध्ये ठेवली होती.

बायकांच्या बाजूनं मालनबाई उठून तिच्यामागं पळाली आणि जीपपाशी तिचा हात धरून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकूनं हात सोडवून घेतला, हे मात्र दिसलं.

घरात भाकरी जमत नाही. खिचडी करतो. तिला माझा... तिला सांग, म्हैस बरी आहे.

नाना

—

छत्रपती संभाजीनगर, १२ ऑक्टोबर २०२५

कारभारी,

'अहो' लिहिणार व्हते, हात वळंना. म्हून नाव लिहिलं. तुमचं नाव असं, की घेतलं तरी नवऱ्यालाच हाक मारल्यासारखं व्हतंय. आईबापानं लई विचार करून ठेवलेलं दिसतंय.

श्रेयानं तुमचा कागद वाचून दाखवला. तुमचं नाव, वय तीस, आणि खाली एक शून्य. मी तिला तीन वेळा विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलंय? ती म्हणली, काकू, तुझ्याबद्दल यात कायच नाय.

तुमची माफीची तीन पत्रं पोचली. तिन्ही एकसारखी. खाली 'आपला विश्वासू' तेवढं लिहायचं राहिलंय.

मी इथं रोज श्रेयासंगं शेळ्यांच्या गोठ्यावर जाते. परवा ती शेळी व्यायली, साहेब नावाच्या बोकडाची. पांढऱ्या कोटातली चार शिकलेली माणसं भोवती उभी, एकाच्या हातात वही, तिघांच्या हातात मोबाइल, आणि करडाचा पाय आत दुमडलेला. शेळी वरडतीय. डॉक्टरला फोन लावला तर तो गर्दीत अडकलेला. मी म्हणलं, व्हा बाजूला. हात धुतला, आत घातला, पाय सरळ केला, शेळीनं कळ दिली तसं ओढलं. पाट हाय, मादी करडू. नाकातलं पुसलं तर माझ्याच अंगावर शिंकली.

मग त्यांचं सुरू झालं. नोंदीत बाप कुणाला लिहायचं? साहेबाला, का ज्याच्या पेशी साहेबात सोडल्या त्या बोकडाला? अर्धा तास वाद चालला. शेवटी श्रेया मला म्हणली, काकू, तू सांग. मी म्हणलं, करडू शेळीचं लिहा. बापाचं तुम्ही सावकाश ठरवा, तिला आत्ता गूळपाणी द्या.

त्यांच्यासमोर हसले. नंतर हात धुताना रडू फुटलं. पिशोरला मला कुणी बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नाय. तुमच्या बहिणीच्या बाळंतपणाला मी आठ दिवस पाणी तापवलं, पण ते मोरीपर्यंतच न्यायचं, आत दुसरीनं. माझ्या हातात जन्मलेला हा पहिला जीव. बासष्टाव्या वर्षी.

आता दोन कामं सांगते. मालनबाईच्या इंद्रजीतच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्याच्या बायकोला, संस्कृतीला, तुमच्या आईनं मला पाजला तसलाच काढा पाजतात. इंद्रजीतला तपासायला घेऊन या. तुमच्या तोंडानं सांगा त्याला.

दुसरं, माफी मागू नका. कागद मिळाला तो दिवस मला लिहून पाठवा. कुठं बसला, काय खाल्लं, माझ्यापुढं कसे आले. तुमच्या मनात काय व्हतं ते नको, ते तुम्ही आता गोड करून सांगाल. काय केलं तेवढं लिहा.

दिवाळीला येत नाय.

चतुराबाई

—

पिशोर, २३ ऑक्टोबर २०२५

चतुरा,

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. माफीचे अर्ज सोडले तर तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

इंद्रजीतचं काम केलं. मालनबाई दारात आडवी उभी राहिली. "माझ्या पोराला काय धाड भरलीय?" मी म्हणालो, "काही नाही. मलाही काही झालेलं नव्हतं, सहा फूट उंच होतो." इंद्रजीत आतून ऐकत होता. चप्पल घालून गुपचूप माझ्यामागं आला. संभाजीनगरच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला. दवाखान्यात बाटली हातात दिल्यावर म्हणाला, "नाना, तुम्ही दाराशी थांबा." थांबलो. बीज आहे, पण कमी आहे. गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. संस्कृतीनं काढ्याचं पातेलं अंगणात मालनबाईच्या डोळ्यांदेखत ओतून दिलं.

त्या दिवशी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. वर आलो नाही. तू बोलावलं नव्हतंस.

आता तो दिवस. १९ जानेवारी १९८८, मंगळवार. दुपारी बारा वाजता कागद मिळाला. डॉक्टर चांगला होता, दार लावून बोलला. मी कागदाची चौपदरी घडी केली आणि आतल्या खिशात घातला. गुलमंडीत येऊन तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. एसटीत बसलो. फुलंब्री येईपर्यंत तुला सांगायचं ठरलं होतं. फुलंब्रीला गावातले दोघं चढले, त्यांच्याशी उसाच्या तोडीबद्दल बोललो.

घरी आलो तर तू तांब्या घेऊन बाहेर आलीस. विचारलंस, "काय म्हणले?" मी म्हणालो, "दोघांतही दोष नाही." तू हसलीस. उंबऱ्यावरच बसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे होईल." मी बांगड्या दिल्या. तू लगेच घातल्यास.

मग जेवायला बसलो. मेथीची भाजी होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. चतुरा, मला भूक लागली होती. घास घशात अडकायला पाहिजे होता, अडकला नाही. जेवून झोपलो आणि झोपही लागली. उद्या सांगू म्हणालो, मग परवा. सातव्या दिवशी आई तुला पहिल्या वैद्याकडं घेऊन निघाली. गाडी मी जुंपून दिली. तू चढताना मी तुला हात दिला.

एवढंच केलं.

कारभारी

—

छत्रपती संभाजीनगर, २८ ऑक्टोबर २०२५

कारभारी,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. खोटं सापडलं नाय, एक चूक सापडली. तीन नाय, चार भाकरी खाल्ल्या व्हत्या. वाढायला मी व्हते.

सोमवारी दहाच्या एसटीनं येते. राहायला का कपडे न्यायला, ते तिथं आल्यावर बघीन.

चतुरा